भिंतीबाहेरचं सोनं

“ही भिंत आपल्याच दफनभूमीची ना?” फादर ज्योकीमनी विचारलं.

“हो, फादर.”

“मग भिंतीच्या बाहेर हे कुणाला पुरतायत?”

“माझ्या बापाला,” मी म्हणाले.

फादरांच्या घरातलं जेवणाचं मोठं टेबल रिकामं करून त्यावर पांढरी चादर अंथरली होती, आणि चादरीवर माझं दोन वर्षांचं काम सुट्या पानांत मांडलेलं होतं. फादर हात धुऊन बसले होते आणि पान उलटताना बोटांत रुमाल धरत होते. शेजारी बस्त्याव मास्तर, आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि जुबिली कमिटीचे अध्यक्ष. तोवर दोघांची स्वारी भलतीच खूश होती. माझं उत्तर ऐकल्यावर मास्तरांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला.

आमच्या चर्चला त्या वर्षी चारशे वर्षं होत होती. मांडव, बँड, बिशपांची मिस्सा-प्रार्थना, गावजेवण हे सगळं ठरलेलंच होतं. पण फादर ज्योकीमच्या मनात आणखी एक होतं. युरोपात शिकायला असताना त्यांनी मध्ययुगातली हाताने लिहिलेली, सोन्याने मढवलेली प्रार्थनापुस्तकं पाहिली होती. तसं एक पुस्तक आपल्या वेदीवर असावं, आणि ते मराठीत असावं, असा त्यांनी ध्यास घेतला. उभ्या वसई तालुक्यात ती विद्या येणारी मी एकटी, त्यामुळे मला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. खरं तर ‘नाही’ म्हणायची इच्छाही नव्हती.

मला ती शिकवली सिस्टर वाल्बुर्गाने. वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये ती चित्रकला शिकवायची. ती जर्मनीची. तिच्या मूळ मठात अशी जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं काम चाले. स्वभावाने कडक, पण माझा हात तिला आवडला होता. अक्षराभोवती आधी खडू आणि सरसाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर तोंडाने वाफ सोडायची, तो जेमतेम ओलसर झाला की सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. “सोनं हाताने लागत नाही, श्वासाने लागतं,” असं ती म्हणायची. म्हातारपणी मायदेशी परत जाताना तिने जपून ठेवलेली चर्मपत्रं मला दिली. त्यांवर चुकलं तर खोडरबर चालत नाही, सुरीने खरवडावं लागतं. नवी चर्मपत्रं कुठून मिळणार, त्यामुळे एकेक पान मी जीव मुठीत धरून रंगवलं होतं.

तिनेच मला आणखी एक गोष्ट दाखवली होती. त्या जुन्या चित्रकारांनी बेथलेहेम कधी पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी सरळ आपलंच गाव काढलं. येशूचा गोठा बर्फात, मेंढपाळांच्या अंगावर लोकरीचे झगे, मागे त्यांच्याच गावच्या चर्चचं शिखर. समासात तर नुसता धुमाकूळ असायचा. माकडं काय, लढाईला निघालेले ससे काय, गोगलगायी काय. देवाच्या पुस्तकात असलं चालत होतं, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्यांना चाललं तर मला का नाही? माझ्या मारियेने आमच्या बायकांचं तांबडं चौकडीचं लुगडं नेसलं. देवदूताची वार्ता पानवेलीच्या मळ्यात शिंपणं करणाऱ्या बाप्यांनी ऐकली. तिघे राजे केळीचे घड लादलेल्या बैलगाडीतून आले. समासात खेकडे, बगळे आणि चष्मा लावलेला एक कोंबडा. तो कोंबडा पाहून मास्तर मघाशीच म्हणाले होते, “ओलिंडा, नाक माझंच काढलंयस हो.” आणि पोट धरून हसले होते.

अशा पुस्तकांत शेवटी मृतांसाठीच्या प्रार्थना असतात आणि त्या पानावर बहुधा दफनाचं चित्र असतं. मीही गावची दफनभूमी काढली. काळ्या दगडाची भिंत, आत ओळीने क्रूस, फुलं, मेणबत्त्या. भिंतीबाहेर, खाजणाच्या खाऱ्या दलदलीच्या बाजूला, एक ताजा खड्डा. त्याच्याजवळ पेटी धरलेले दोन मजूर, एक बाई आणि एक मुलगी. बाकी कुणी नाही. आणि त्यांच्या डोक्यावर अख्खं आभाळ सोन्याचं.

“सोनं सगळं भिंतीबाहेरच का?” फादरांनी हळूच विचारलं.

“तिथे त्याची गरज होती म्हणून.”

“आत नाही?”

“आतल्यांना मिस्सा मिळाली, पवित्र पाणी मिळालं, बँड मिळाला. त्यांना आणखी कशाला सोनं?”

“ओलिंडा, नीट बोल,” मास्तर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

फादर ज्योकीम आमच्या गावात नवे होते, त्यांना सगळं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. माझा बाप पास्कू तुस्कानो गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नात वाजवायचा, सणाला वाजवायचा, आणि गावातल्या प्रत्येक मयतापुढे वाजवत दफनभूमीपर्यंत चालायचा. वर्षातून एकदोनदा त्याच्यावर काळोखी यायची. तेव्हा तो जेवायचा नाही, बोलायचा नाही, वाद्याला हात लावायचा नाही. अशाच एका काळोखीत त्याने स्वतःचा जीव घेतला. मी बारा वर्षांची होते. तेव्हाचे फादर म्हणाले, आपल्या हाताने मेलेल्याला पवित्र जमिनीत जागा नाही. घंटा वाजली नाही, बँड आला नाही. आमच्या शेजारपाजारच्यांनी दारं लावून घेतली. आय, मी आणि दोन मजूर, असं आम्ही त्याला भिंतीबाहेर ठेवून आलो.

फादरांनी बोटांतला रुमाल टेबलावर ठेवला.

“नियमच तसा आहे, बाळ.”

“ठाऊक आहे. मी नियमाचंच चित्र काढलंय.”

“जुबिलीला बिशप येणार. हे पुस्तक मिरवणुकीने वेदीवर जाणार. आनंदाच्या दिवशी गावाची ही जुनी जखम उघडी करायची का?”

“फादर, ज्यांच्या अंगावर आहे त्यांना ती रोजच उघडी असते.”

शेवटी ठरलं ते इतकंच, की सोमवारी पानं बांधायला बाइंडर येईपर्यंत मी ‘विचार करावा’. विचार करावा म्हणजे पान बदलून आणावं, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते.

घरी गेले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आय ओट्यावर बसली होती. तिच्या पुढ्यात वेदीची कापडं होती. चर्चची कापडं धुऊन इस्त्री करायचं काम ती वर्षानुवर्षं फुकट करत आली होती. बा गेल्यावर लोक तिच्याशी बोलेनासे झाले, तेव्हा ती आपणहून हे काम मागून घेऊन आली. हळूहळू लोक बोलायला लागले. पुढच्या बाकावर बसायला मात्र तिला कुणी बोलावलं नाही आणि तीही कधी गेली नाही.

“खरवडून टाक,” ती म्हणाली.

“आय, आधी बघ तरी.”

“मला बघायचं नाही. मी ते डोळ्यांनी बघितलंय. लोक विसरले होते, बाय. आता बिशपापासून सगळे विचारतील, ही कुणाची बायको? ही कुणाची पोर?”

“विचारू देत की.”

“तुला काय जातंय? तू शाळेत शिकवतेस, चार पैसे मिळवतेस, तोंड वर करून बोलतेस. मला ह्याच गावात मरायचंय. माझी माती तरी आत पडू दे.”

मी आत गेले आणि चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस्त्याव मास्तर आमच्या घरी आले. बा गेल्यापासून पहिल्यांदा. आयने लगबगीने खुर्ची पुसली, पदर सावरला. मास्तर बसले आणि चहा येईपर्यंत केळीच्या बागेबद्दल बोलत राहिले. मग पेल्यातला चहा तसाच ठेवून म्हणाले, “ओलिंडा, मी एक तोड काढलीय. फादरांनाही पटलीय.”

“काय?”

“पान काढायचं नाही. बापालाही काढायचं नाही. तू फक्त भिंत सरकव.”

“म्हणजे?”

“जरा खाजणाच्या अंगाला न्यायची. खड्ड्याच्या पलीकडून. पास्कू आत येईल, तुम्ही मायलेकी आत याल. सोनंही आत येईल. पुस्तकात तरी त्याला जागा मिळेल. बिशप बघतील, आशीर्वाद देतील. सगळ्यांचंच भलं.”

मी आयकडे पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला होता आणि ती रडत होती. बाच्या मयताला न रडलेली माझी आय त्या दिवशी रडली.

“आत येईल तो?” तिने मास्तरांना विचारलं.

“येईल, कातरीन. पुस्तक शेकडो वर्षं टिकेल. तो कायमचा आत राहील.”

मास्तर जायला उठले तेव्हा मी त्यांना अंगणापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी ते थांबले.

“मी बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचो, ठाऊक आहे ना? पास्कूच्या शेजारीच उभा असायचो. त्या दिवशी कॉर्नेट पुसून तयार ठेवलं होतं. वडील म्हणाले, गेलास तर परत घरात येऊ नकोस. मी बसून राहिलो.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “तू भिंत सरकवलीस तर मलाही जरा बरं वाटेल.”

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मी फाटक लावून घेतलं.

जेवणं उरकल्यावर मी टेबलावर पान पसरलं. सुरी, दगड, रंगाच्या वाट्या मांडल्या. खरं सांगते, मी सरकवणारच होते. आयला मी तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. एक काळी रेघ इकडची तिकडे करायची, त्यात बिघडलं काय? नवी भिंत जिथून जाणार होती तिथलं सोनं आधी खरवडायला हवं होतं. मी सुरी टेकवली.

आय माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने ते पान आता पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“ही मी?”

“हो.”

“किती बारीक होते मी.” मग तिने पेटीकडे बोट दाखवलं. “जपून कर, बाय. त्याला लागू देऊ नकोस.”

माझे डोळे भरून आले. मी थांबले, डोळे पुसले, पुन्हा सुरी धरली. तेव्हा आय अगदी समाधानाने म्हणाली, “आता कुणी काही म्हणणार नाही. जसं काही झालंच नव्हतं.”

माझा हात जागच्या जागी थांबला.

भिंत पुढे गेली, की त्या दिवशी कुणी दार लावून घेतलं नव्हतं. कुणी घंटेचा दोर बांधून ठेवला नव्हता. कुणी कॉर्नेट पुसून घरात बसलं नव्हतं. माझ्या बापाला सगळ्यांसारखाच निरोप मिळाला होता, आणि तो मी, त्याच्या पोरीने, खऱ्या सोन्याने लिहून दिला होता. आम्ही दोघी त्या खाजणाच्या चिखलात उभ्या होतो, हे जगाच्या पाठीवरून पुसलं जाणार होतं, आणि पुसणारी मी.

“झालं होतं, आय,” मी म्हणाले आणि सुरी ठेवून दिली.

“काय करतेस?”

“मी भिंत सरकवणार नाही.”

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पानापासून मागे सरली. मग ती म्हणाली, “तू हे त्याच्यासाठी करत नाहीस. तुझ्या हट्टासाठी करतेस.”

त्यात खोटं काही नव्हतं. हट्ट होताच. पण बाचं म्हणून माझ्याजवळ दुसरं उरलंच काय होतं? क्लॅरिनेटसुद्धा कुणी तरी मागून नेलं होतं.

सोमवारी सकाळी मी फादरांच्या घरी गेले. बाइंडर अजून आला नव्हता. मास्तर आणि फादर वाट बघत होते. मी पान टेबलावर ठेवलं. भिंत होती तिथेच होती.

“सरकवली नाहीस?” मास्तर म्हणाले.

“नाही. आधी बाहेरची सरकवा, मास्तर. गवंडी बोलवा, दगड काढा, माझ्या बापाच्या पलीकडून भिंत घाला. ती झाली की मी चित्रातली सरकवीन.”

“अगं, ते काय एका दिवसाचं काम आहे? बिशपांची परवानगी, कमिटी...”

“आणि हे माझं एका रेघेचं काम. म्हणून मला सांगताय.”

फादर शांतपणे म्हणाले, “ओलिंडा, मी तुला हुकूम देऊ शकतो.”

“द्या.”

त्यांनी दिला नाही. ते म्हणाले, “मग हे एक पान आपण बांधायचं नाही. बाकी पुस्तक पूर्ण आहे. कुणाला कळणारही नाही.”

मी चादरीवरची पानं गोळा करायला लागले. लुगडं नेसलेली मारिया, बैलगाडीतले राजे, चष्मेवाला कोंबडा, सगळी एकावर एक ठेवत गेले.

“हे काय चाललंय?” मास्तर उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “पत्रिका वाटून झाल्यात. त्यात पुस्तकाचं छापलंय.”

“मग त्यात हेही छापायचं होतं, की एक सोडून सगळी पानं. तुमच्या मयताच्या प्रार्थनेत माझा बाप बसत नसेल तर माझी मारिया तुमच्या वेदीवर बसणार नाही. मी हिला घरी घेऊन जाते.”

“तू देवाला वेठीला धरतेस,” फादर म्हणाले.

“देवाला नाही. तुम्हा दोघांना.”

फादर ज्योकीम उठले, खिडकीशी गेले. तिथून दफनभूमी दिसते. मग परत आले, माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि तेवढं एक पान त्याच्या जागी सरकवून दिलं.

“बिशपांनी विचारलं तर काय सांगू?”

“जे आहे ते सांगा.”

“तेच तर अवघड असतं,” ते म्हणाले.

जुबिलीच्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पुस्तक फुलांच्या चौरंगावरून आलं. मिस्सा झाल्यावर बिशप सगळ्यांसमोर एकेक पान उलटून बघू लागले. मारियेचं लुगडं पाहून हसले, कोंबडा पाहून मोठ्याने हसले. शेवटच्या पानापाशी थांबले. माइक चालूच होता.

“हा कोण, फादर? बाहेर का?”

अख्खं चर्च कानात प्राण आणून बसलं होतं. मास्तर खाली बघत होते. आय सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला.

फादर ज्योकीम म्हणाले, “पास्कू तुस्कानो. आमचा क्लॅरिनेट वाजवणारा. त्याला आम्ही बाहेर पुरलं.”

आम्ही, असं ते म्हणाले. तेव्हा ते ह्या गावात नव्हतेच, कदाचित शाळेत जात असतील. बिशपांनी पानावर हात ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही. मी मागे वळून पाहिलं. आय निघून गेली होती.

त्या पानाबद्दल ती पुढे माझ्याशी कधी बोलली नाही. बाकी सगळं बोलायची, त्याबद्दल चकार शब्द नाही. माझ्या वाट्याला पुष्कळ बोलणी आली. आगाऊ, उद्धट, बापासारखीच डोक्याने अधू, असं काहीबाही. मी ऐकून घेतलं. पण दर रविवारी मिस्सेनंतर लोक पुस्तकाशी रांग लावायचे आणि सगळे आधी तेच पान उघडायचे, हेही मी बघत होते.

बऱ्याच वर्षांनी नियम सैल झाले. दफनभूमीत जागा पुरेना, म्हणून खाजणाकडची भिंत पाडून पलीकडे नवी बांधली. जागा पुरेना म्हणूनच, असं कमिटी म्हणते. म्हणू दे. बा भिंतीच्या आत आला. नवे फादर रेनॉल्ड, वयाने अगदी कोवळे, त्यांनी त्या मातीवर पवित्र पाणी शिंपडलं. मग आम्हा दोघींना चहाला बोलावलं. टेबलावर ते पुस्तक उघडून ठेवलेलं होतं. ते मला म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात म्हणे, बाहेरची भिंत सरकली की चित्रातली सरकवीन. आता सरकलीय. घ्या मनावर. पुस्तक आणि गाव एकसारखं दिसेल.”

शब्द माझाच होता. तेवढ्यात आय खुर्चीवरून उठली. ऐंशी उलटलेली, हाताला काठी. ती टेबलाशी गेली आणि त्या पानावर आपला सुरकुतलेला पंजा आडवा ठेवला.

“ह्याला हात लावायचा नाही.”

“अहो आजी, पण आता ते आत आले ना?”

“तो आला,” आय म्हणाली. “मी त्या दिवशी बाहेर उभी होते, ती कुठे जाईल?”

फादर रेनॉल्डनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश आणलेच नव्हते.